चूक पन्नास रुपयांची असते तेव्हा

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा भरतो. काही गावांत त्याला बालबाजार म्हणतात. सकाळीच मैदानावर फक्कीनं जागा आखून दिलेल्या असतात. कुणी घरच्या वावरातली मेथी आणतं, कुणी लिंबं, कुणी आईच्या हातच्या चकल्या, तर कुणी चहाची किटली. गावातली माणसं गिऱ्हाईक म्हणून येतात, घासाघीस करतात, आणि दुपारपर्यंत माल संपतो. खरा धडा त्यानंतर सुरू होतो.

समजा, सहावीतल्या दोन मैत्रिणींनी तिथे भेळ विकली. दहा रुपयांना एक, अशा ३४ भेळी गेल्या. डब्यात ३४० रुपये जमले. "बाई, आम्हाला तीनशे चाळीस रुपये नफा झाला!" असं सांगत त्या धावत येतात. बाई वही उघडायला लावतात. मुरमुरे ६०, फरसाण १००, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर ५०, चिंच-गूळ ३०, द्रोण २०. बेरीज २६०. म्हणजे उरले ८०. दोघींत वाटून घेतले तर चाळीस-चाळीस. मग बाई आणखी एक प्रश्न विचारतात: चटणी कुणी केली? एकीच्या आईनं. तिची मजुरी धरली का? आणि गॅस?

मुलींचे चेहरे उतरतात खरे, पण त्या पाच मिनिटांत त्यांना जे कळतं ते नफा-तोट्याच्या पन्नास उदाहरणांतून कळत नाही. डब्यात जमलेला पैसा आणि आपला पैसा हे दोन वेगळे आकडे असतात. हा फरक लक्षात न आल्यामुळे मोठ्या माणसांची चालती दुकानं बसतात. या मुलींना तो अकराव्या वर्षी, भेळीच्या डब्यापाशी कळला.

मुलांना पैशाचं शिकवायचं म्हटलं की आपल्याला म्हणी आठवतात. थेंबे थेंबे तळे साचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हणी खऱ्याच आहेत. पण आपलं अंथरूण किती लांब आहे हे ज्यानं कधी मोजलंच नाही, त्यानं पाय किती पसरायचे? पैशाची समज हाताळण्यातून येते. मुलाच्या हाती थोडा का होईना, पण स्वतःचा पैसा यावा. त्याचं काय करायचं हे त्यानं ठरवावं. आणि चुकलं तर ते त्यानंच निस्तरावं. हे सगळं लहान वयात व्हायला हवं, कारण तेव्हा चूक पन्नास रुपयांची असते.

नाण्यांशी ओळख

पाच वर्षांच्या मुलासमोर एका बाजूला पाचाचं एक नाणं आणि दुसऱ्या बाजूला दोनाची दोन नाणी ठेवून पाहा. पुष्कळ मुलं दोन नाणी उचलतात. त्यांच्या दृष्टीनं दोन म्हणजे जास्त. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं होतं, की एकाच संख्येच्या वस्तू लांब-लांब मांडल्या तर या वयाच्या मुलांना त्या जास्त वाटतात. ही समज साधारण सहाव्या-सातव्या वर्षी बदलू लागते. त्यामुळे या वयात बचतीचं महत्त्व सांगण्यापेक्षा नाणी-नोटा ओळखणं, मोड मोजून घेणं आणि दुकानात स्वतः पैसे देणं एवढंच पुरेसं आहे. दहाची नोट देऊन सहाचा बिस्किटपुडा आणला, तर परत किती यायला हवेत? दुकानदारानं सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवली, तर ती गोळी आपल्याला हवी होती का? हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.

साठवण्यासाठी पूर्वी कुंभाराकडून मातीचा गल्ला यायचा. त्यात टाकलेलं नाणं फोडल्याशिवाय निघत नसे, हीच त्याची शिस्त होती. आज सुरुवातीला काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्यावी असं मला वाटतं. लहान मुलाला आकडा कळत नाही, पण बरणीतली उंची दिसते. बरणीवर कागद चिकटवून ज्यासाठी साठवायचं त्या वस्तूचं चित्र काढावं: बॅट, रंगपेटी, जत्रेतला पाळणा. वस्तू दोन महिन्यांत येईल एवढीच महाग असावी. सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे कधीच न येणारा काळ.

थांबणं कशामुळे जमतं

आत्ताचा मोह टाळून पुढच्यासाठी थांबणं, हा बचतीचा गाभा. याबद्दलचा एक प्रयोग जगभर सांगितला जातो. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तो केला. मुलासमोर एक गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे शाळेत सरस ठरली, असं नंतर दिसलं. त्यावरून संयम हा जणू जन्मजात गुण आहे, असा समज पसरला.

पुढचे अभ्यास मात्र वेगळं सांगतात. २०१८ साली मोठ्या गटावर हीच तपासणी झाली. मुलांच्या घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर थांबणं आणि पुढचं यश यांतला संबंध बराच क्षीण झाला. त्याआधी २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाच्या आधी एक पायरी जोडली होती. मुलांना सांगितलं, जरा थांबा, तुमच्यासाठी चांगले रंग आणते. एका गटाला ते खरंच आणून दिले. दुसऱ्या गटाकडे रिकाम्या हातानं परत येऊन सांगितलं, माफ करा, नाहीत. त्यानंतर खाऊची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती सुमारे ३ मिनिटं. प्रयोग लहान होता, जेमतेम २८ मुलांचा, पण त्याचं म्हणणं लख्ख आहे. जिथे शब्दाला किंमत नाही, तिथे हातातलं लगेच खाऊन टाकणं हाच शहाणपणा असतो.

हे वाचताना मला आपल्या घरांतली भाऊबीज आठवते. ओवाळणीचे पैसे ताटात पडतात, पाहुणे जाताना मुलाच्या हातावर नोट ठेवतात, मुंजीत आहेर होतो. आणि आई म्हणते, "दे, मी जपून ठेवते." ते पैसे पुन्हा कधी दिसत नाहीत. घरात गरज असते, ते खर्च होतात, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण मुलाच्या मनात एक हिशेब पक्का होतो: ठेवायला दिलेला पैसा जातो, खाल्लेला तेवढा आपला. असं मूल उद्या हातात आलेलं सगळं उडवू लागलं, तर त्याला उधळा म्हणण्याआधी आपण मागे वळून पाहावं.

घरात खरंच अडचण असेल, तर मुलाचे पैसे जरूर वापरावेत. फक्त त्याला सांगून घ्यावेत, वहीत लिहावेत आणि ठरलेल्या दिवशी परत करावेत. "तुझे पाचशे रुपये सिलिंडरसाठी उसने घेतले, एक तारखेला देते," आणि एक तारखेला खरोखर दिले. उधारी म्हणजे काय आणि पत म्हणजे काय, दोन्ही त्याला एकदम कळतं.

खाऊचे पैसे

किती द्यावेत याला नियम नाही. शेजाऱ्याचं पाहून ठरवू नये, आपल्या मिळकतीतून ठरवावं. महत्त्वाचं असतं ते देणं कसं आहे. लहान मुलांना आठवड्याला द्यावेत, आठवी-नववीनंतर महिन्याला. दिवस ठरलेला असावा आणि तो मोठ्यांनी चुकवू नये. या पैशांतून कोणते खर्च करायचे हेही आधी बोलून ठरवावं. वडापाव, स्टिकर, मित्राच्या वाढदिवसाची भेट मुलाच्या पैशांतून. वह्या, बसचा पास आणि डबा घरच्या पैशांतून. वय वाढेल तसे एकेक खर्च त्याच्याकडे द्यावेत. दहावीनंतर मोबाइलचं रिचार्ज, कपड्यांतला काही भाग, सहलीचा वरखर्च असं सगळं एका महिन्याच्या रकमेत बसवायला सांगावं.

मग कसोटी येते, आणि ती आपली असते. रविवारी मिळालेले पन्नास रुपये मंगळवारी संपतात. बुधवारी सगळे मित्र भेळ खायला जातात आणि मूल तोंड पाडून घरी येतं. आपला हात खिशाकडे जातो, किंवा आजोबा गुपचूप वीस रुपये देतात. त्या वीस रुपयांनी आठवड्याचा धडा पुसला जातो. बुधवार ते रविवार हे चार दिवस हीच त्या पन्नास रुपयांतून झालेली खरी खरेदी आहे. त्या दिवसांत रागावू नये, टोमणे मारू नयेत, "बघ, मी सांगितलं होतं" हे तर अजिबात म्हणू नये. रविवारी पैसे हातात ठेवून एवढंच विचारावं, या आठवड्यात काय करणार?

मुलानं आपल्या मते फालतू वस्तू घेतली तरी घेऊ द्यावी. जत्रेतली बंदूक संध्याकाळी मोडली की तिची किंमत त्याला कळते, आपण सांगून कळत नाही.

घरातल्या कामाचे पैसे द्यावेत का, असं अनेक जण विचारतात. मला ते पटत नाही. ताट उचलणं, अंथरूण घालणं ही घरात राहणाऱ्या प्रत्येकाची कामं आहेत. त्यांना दर लावला की एक दिवस मूल म्हणेल, आज मला पैसे नकोत, मी ताट उचलणार नाही. दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या, सुट्टीत शेजारच्या लहान मुलांना चित्रकला शिकवली, तर ती खरी कमाई. तिचा हिशेब वेगळा मांडावा. गुणांसाठीही पैसे देऊ नयेत. अभ्यासाचा दर ठरला की शिकण्याची गोडी मागे पडते.

पण खाऊचे पैसे देण्याइतकी ऐपतच नसलेली घरं कितीतरी आहेत. त्या घरांतल्या मुलांना पैसा बऱ्याचदा इतरांपेक्षा जास्त माहीत असतो. किराणा दुकानातली उधारीची वही तीच नेतात, पाव किलो तेल किती दिवस पुरतं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना हवं असतं ते हिशेबात शेजारी बसणारं माणूस. बाजाराची यादी आणि दोनशे रुपये मुलीच्या हाती देऊन तिला भाव विचारू द्यावेत, काय आज घ्यायचं आणि काय पुढच्या बाजाराला हे तिनं सुचवावं. पैसा पुरत नाही हे लपवण्याची गरज नाही, मात्र भीती घालू नये. "आपलं काही खरं नाही" हे ऐकून मूल दबतं. "या महिन्यात शाळेची फी आहे, बुटांचं पुढच्या महिन्यात पाहू" हे ऐकून ते घराच्या हिशेबात सामील होतं. आणि पुढच्या महिन्यात ते पाहायचं.

न दिसणारा पैसा

आजच्या मुलांची एक अडचण आपल्या पिढीला नव्हती. पाकिटातली शेवटची नोट निघाली की ती जाताना दिसायची. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांतच भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे चौकोनी कोड लागले. मूल रोज पाहतं, आई फोन दाखवते आणि वस्तू मिळते. त्याच्या डोळ्यांसमोर काही कमी होतच नाही. म्हणून निदान दहा-बारा वर्षांपर्यंत खाऊचे पैसे रोख द्यावेत. आणि आपण कोड दाखवून पैसे दिले, की खात्यात आधी किती होते आणि आता किती राहिले हे अधूनमधून मुलाला दाखवावं.

दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेची पायरी चढावी. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून ते स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये ही मुभा दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये नियम नव्यानं स्पष्ट केले. रकमेची मर्यादा किती, एटीएम कार्ड द्यायचं का, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे मात्र काढता येत नाहीत. खातं नेहमी जमेतच राहतं. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचं खातं उघडता येतं. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षं चालते. सहावीत सुरू केलेली ठेव अकरावीच्या सुमाराला हाती येते: भरलेले ६,००० रुपये आणि वर व्याज.

स्लिप मुलानंच भरावी, रांगेत त्यानंच उभं राहावं, पासबुक त्यानंच छापून आणावं. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं असेल, तर ती आईवडिलांची बचत आहे आणि ती उत्तमच आहे. पण त्यातून मुलगी शिकत नाही, जोवर ते पासबुक वर्षातून एकदा तिच्यासमोर उघडलं जात नाही. आधीच्या पिढीतल्या अनेकांना शाळेतली संचयिका आठवत असेल. त्यात विद्यार्थीच पैसे घेत, विद्यार्थीच नोंदी करत. रक्कम किरकोळ असायची, पण वहीत चूक झाली तर ती शोधेपर्यंत घरी जाता येत नसे. ती सवय मोलाची होती.

शेकडा तीन

आठवी-नववीत चक्रवाढ व्याजाचं सूत्र येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. त्याऐवजी मुलांना ७२ ची युक्ती शिकवावी. व्याजाच्या वार्षिक दरानं ७२ ला भागलं, की पैसा साधारण किती वर्षांत दुप्पट होतो ते कळतं. सहा टक्के दरानं बारा वर्षांत. आठ टक्के दरानं नऊ वर्षांत.

आता हीच युक्ती उलटी फिरवावी. गावातला सावकार सांगतो, शेकडा तीन रुपये. म्हणजे शंभरावर महिन्याला तीन. ऐकायला किरकोळ वाटतं. क्रेडिट कार्डाची बाकी थकली तर तिथला महिन्याचा दरही बहुधा याच घरात किंवा वर असतो. महिना तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, आणि ७२ भागिले ३६ म्हणजे दोन. काही न फेडता व्याज साचत गेलं तर दहा हजारांचं देणं दोन वर्षांत वीस हजारांच्या पुढे जातं. आपला पैसा दुप्पट व्हायला बारा वर्षं, आणि कर्ज दुप्पट व्हायला दोन. हा हिशेब मुलांनी स्वतः पाटीवर मांडला, की ऋण काढून सण का करू नये हे त्यांना म्हणीशिवाय समजतं.

महागाईलाही हेच लागू पडतं. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतील. गल्ल्यात पडून राहिलेली शंभराची नोट शंभराचीच राहते, पण तिच्यात पूर्वी येणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्याच येतात. साठवणं आणि वाढवणं यांत फरक असतो, हे कळायला पंधरावं वर्ष योग्य आहे.

अठरा पूर्ण झाले की

भारतीय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार बंधनकारक होत नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात हे ठामपणे सांगितलं. अल्पवयीन असताना घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचा तो करार मुळातूनच रद्दबातल ठरला. कायद्याचं हे कुंपण सतरा वर्षं तीनशे चौसष्ट दिवस मुलाला सांभाळतं आणि एका रात्रीत निघून जातं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर झटपट कर्जाचे संदेश येतात, हप्त्यावर फोन मिळतो, कार्डासाठी विचारणा होते. त्या दिवशी त्यानं आयुष्यातली पहिली चूक करू नये. पहिल्या दहा चुका आधीच होऊन गेलेल्या असाव्यात.

काही धोके अठराची वाट पाहत नाहीत, म्हणून ते आधीच सांगून ठेवावेत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही; बक्षीस मिळवण्यासाठी पिन टाका असं कुणी म्हणालं तर तो चोर आहे. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली, तरी तशी आमिषं येतच राहतात. आणि सगळ्यात फसवं आमिष म्हणजे, "तुझं खातं आणि एटीएम कार्ड काही दिवस वापरायला दे, दोन-तीन हजार देतो." अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो, आणि पोलीस पहिल्यांदा खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याच दारी येतात. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा, हा क्रमांक मुलांना पाठ असावा. पण त्याहून आधी त्यांनी आपल्याला सांगायला हवं. ज्या घरात पन्नास रुपयांच्या चुकीवर आरडाओरडा झाला नाही, त्या घरातलं मूल पाच हजारांची चूक सांगायला येतं.

आईची मजुरी

पुन्हा त्या भेळवाल्या मुलींकडे येऊ. वर्ष सरतं, मेळावा पुन्हा जवळ येतो. यंदा त्यांच्याकडे वही आहे. मागच्या वर्षी फरसाण जास्त आणलं आणि उरलं, हे तिच्यात लिहिलेलं आहे. आदल्या रविवारी त्या दोघी त्याच आईकडे २५० रुपये मागतात आणि सांगतात, उसने दे, बाजार झाला की परत देतो. चटणी यंदा त्या स्वतः करतात. आई शेजारी उभी राहून फक्त गूळ किती घालायचा ते सांगते.

संध्याकाळी तिची मुलगी आधी अडीचशे रुपये मोजून आईच्या हातावर ठेवते, आणि वर दहा रुपये, शिकवल्याबद्दल. आईच्या तोंडी आपोआप येतं, "राहू दे गं, आपलेच तर आहेत." माया त्यात आहेच. तरीही आईनं ते पैसे मोजून घ्यावेत, आणि वहीत तिच्यासमोर लिहावं: मिळाले.